किल्ल्या हाती, हुकूम नाही : इंग्लंडच्या तुरुंग निरीक्षणालयाच्या वर्षभराच्या कामाचे परीक्षण

दक्षिण लंडनमधील वॉन्ड्सवर्थ तुरुंगात २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत तपासनीस आले, तेव्हा ऐन कामाच्या दिवशी कोणता कैदी या घटकेला कुठे आहे, हे तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना खात्रीने सांगता आले नाही. आदल्या वर्षी सप्टेंबरात याच तुरुंगातून एक कैदी अन्नपदार्थ पोचवणाऱ्या मालमोटारीच्या पोटाशी लटकून पसार झाला होता आणि त्यावरून देशभर गहजब उडाला होता. इतके होऊनही मोजणीची साधी शिस्त तिथे लागलेली नव्हती. ही माहिती कोणा बातमीदाराने खोदून काढलेली नाही. सरकारच्याच पैशावर चालणाऱ्या एका संस्थेच्या मुख्य निरीक्षकाने ती न्यायमंत्र्यांना पत्र लिहून कळवली आणि ते पत्र त्याच वेळी सर्वांसाठी खुले केले.

ही संस्था म्हणजे इंग्लंड आणि वेल्स येथील तुरुंगांची तपासणी करणारे ‘हिज मॅजेस्टीज इन्स्पेक्टोरेट ऑफ प्रिझन्स’, म्हणजेच तुरुंग निरीक्षणालय. तिचा २०२४-२५ चा वार्षिक अहवाल आणि त्यामागे उभे असलेले काही तुरुंगांचे स्वतंत्र अहवाल वाचल्यावर, एखाद्या सार्वजनिक सेवेचे करावे तसे या कामाचे परीक्षण करावे असे वाटले. सेवा कोणासाठी, हा प्रश्न इथे जरा अवघड आहे. पैसे न्याय मंत्रालय देते, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो, वाचतात प्रामुख्याने पत्रकार, वकील आणि स्वयंसेवी संस्था, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तो कैदी त्या कागदापर्यंत क्वचितच पोचतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : पाहण्याच्या आणि लिहिण्याच्या बाबतीत या संस्थेच्या तोडीचे काम फार थोड्या ठिकाणी होत असेल, परंतु पाहिलेले बदलून घेण्याच्या बाबतीत तिची अवस्था बरीच दयनीय आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळेच तिचा अहवाल वाचण्यासारखा होतो.

इतिहास थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये तुरुंग तपासनीस १८३५ च्या कायद्यापासून आहेत, परंतु पुढे तुरुंग सरकारच्या ताब्यात गेल्यावर तपासणी हे खात्याचेच अंतर्गत काम होऊन बसले. न्यायमूर्ती मे यांच्या समितीने १९७९ मध्ये खात्याबाहेरच्या तपासणीची गरज मांडली, १९८१ च्या जानेवारीपासून आजचे निरीक्षणालय सुरू झाले आणि १९८२ च्या फौजदारी न्याय कायद्याने १९५२ च्या तुरुंग कायद्यात कलम घालून मुख्य निरीक्षकाचे पद पक्के केले. त्या कलमानुसार कैद्यांना मिळणारी वागणूक आणि तुरुंगांतील परिस्थिती यांवर दरवर्षी अहवाल देणे हे त्याचे कर्तव्य आहे. पुढे छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या पुरवणी करारावर ब्रिटनने २००३ मध्ये शिक्कामोर्तब केल्यामुळे अशा नियमित स्वतंत्र भेटी हे त्या देशाचे आंतरराष्ट्रीय बंधनही झाले. तुरुंगांखेरीज स्थलांतरितांना डांबून ठेवण्याची केंद्रे, न्यायालयांतील कोठड्या आणि पोलीस तपासनीसांच्या जोडीने पोलीस कोठड्या हेही या संस्थेच्या कक्षेत येते. स्कॉटलंडचे निरीक्षणालय वेगळे आहे.

आता पद्धतीविषयी, कारण खरी गुणवत्ता इथेच आहे. प्रौढांच्या प्रत्येक तुरुंगात पाच वर्षांत किमान एकदा आणि बहुतेक ठिकाणी त्याहून लवकर तपासणी होते. मुलांना ठेवले जाते तिथे ती दरवर्षी होते. पूर्ण तपासणी जवळजवळ नेहमीच आगाऊ न कळवता केली जाते. त्यामुळे आपल्याकडे साहेबाच्या भेटीआधी होणारी रंगरंगोटी, कुंड्या आणि सतरंज्या हा प्रकार तिथे फारसा शक्य नसतो. पथकाला तुरुंगाच्या किल्ल्या मिळतात आणि ते कोणत्याही विभागात, कोणत्याही वेळी, कोणाला बरोबर न घेता जाऊ शकते. कैद्याशी बोलताना पहारेकरी कानाशी नसतो. शिक्षणाची बाजू ऑफस्टेड ही शाळा तपासणारी संस्था पाहते आणि आरोग्याची बाजू रुग्णालये तपासणारी संस्था पाहते, म्हणजे तुरुंगातल्या वर्गाला बाहेरच्या वर्गाचे आणि तुरुंगातल्या दवाखान्याला बाहेरच्या दवाखान्याचे निकष लावले जातात. हा निर्णय मला विशेष शहाणपणाचा वाटतो. तुरुंग आहे, चालायचेच, ही सवलत त्यामुळे आपोआप बंद होते.

पाहणीची सुरुवात संशोधकांपासून होते. ते कैद्यांच्या यादीतून यादृच्छिक नमुना काढून त्यांना प्रश्नावली देतात. त्या प्रश्नावलीतील प्रश्न पाहिले तर ती किती जमिनीवरची आहे हे कळते : रोज आंघोळ करता येते का, आठवडाभर पुरतील इतके स्वच्छ कपडे मिळतात का, चादर दर आठवड्याला बदलली जाते का, कोठडीतली घंटा वाजवल्यावर पाच मिनिटांत कोणी येते का, इथे अमली पदार्थ मिळवणे सोपे आहे का, बहुतेक कर्मचारी सन्मानाने वागवतात का. एकट्या तुरुंगापुरती ही उत्तरे कदाचित तक्रारखोर वाटतील. पण तेच प्रश्न तशाच प्रकारच्या इतर तुरुंगांत आणि त्याच तुरुंगाच्या मागच्या तपासणीतही विचारलेले असतात, त्यामुळे फरक उघडा पडतो. नंतर पथकातले लोक स्वतः विभागाविभागांतून फिरून कामाच्या वेळात किती जण कुलपाआड आहेत हे मोजतात. तुरुंगाच्या दप्तरात प्रत्येकाला सकाळी कार्यशाळेत गेल्याची नोंद असते आणि प्रत्यक्ष मोजणीत निम्मे विभाग बिछान्यावर पडलेले आढळतात, अशा विसंगती याच मोजणीतून पुढे येतात. प्रश्नावली, प्रत्यक्ष निरीक्षण, कैद्यांशी बोलणे, कर्मचाऱ्यांशी बोलणे आणि कागदपत्रे अशा पाच बाजूंनी पुरावा जमा करण्याची ही रीत आहे आणि एका बाजूच्या पुराव्यावर निष्कर्ष काढला जात नाही.

या पुराव्याला मोजण्यासाठी ‘अपेक्षा’ नावाची निकषांची पुस्तिका आहे आणि ती पुरुष, स्त्रिया, मुले अशी वेगवेगळी लिहिलेली आहे. तिचा पाया आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या कसोट्यांवर घातलेला आहे, खात्याच्या परिपत्रकांवर नव्हे. वरकरणी हा तांत्रिक तपशील वाटतो, पण सगळे स्वातंत्र्य त्यात आहे. खात्याचे नियम पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी खात्याचा लेखापरीक्षक पुरेसा असतो. नियमच तोकडे असतील तर ते सांगायला बाहेरची पट्टी लागते. निरोगी तुरुंगाच्या चार कसोट्या या संस्थेने १९९९ मध्ये, तुरुंगांतील आत्महत्यांवरील अहवालात, पहिल्यांदा मांडल्या आणि थोड्याफार फरकाने त्या आजही टिकून आहेत : सुरक्षितता, सन्मान, वेळेचा सदुपयोग आणि सुटकेची तयारी. प्रत्येक कसोटीला १ ते ४ गुण मिळतात. ४ म्हणजे चांगले, १ म्हणजे वाईट.

गुणांच्या या पद्धतीबद्दल माझ्या मनात थोडी नाराजी आहे. २ आणि ३ यांच्यामधली रेघ बरीच पुसट असते, आणि बातम्यांमध्ये मात्र तीच मथळा ठरवते. शिवाय ‘काही’, ‘बरेच’, ‘फारच जास्त’ अशी विशेषणे या अहवालांत इतकी येतात की तीन-चार अहवाल सलग वाचले तर कोणता तुरुंग कोणता हेच आठवत नाही. मात्र एक तक्रार आपण या संस्थेविरुद्ध करू शकत नाही, ती म्हणजे पूर्वग्रहाची. ओकवुड या तुरुंगाचे उदाहरण घ्यावे. वुल्व्हरहॅम्प्टनजवळचा, दोन हजारांहून अधिक कैद्यांचा हा तुरुंग जीफोरएस या खाजगी कंपनीच्या हाती देऊन २०१२ मध्ये सुरू झाला. २०१३ च्या तपासणीत त्याची इतकी लाज निघाली की इथे अमली पदार्थ मिळतात, पण साबण मिळत नाही, असे एका कैद्याने सांगितल्याचे अहवालात आले आणि ते वाक्य वर्तमानपत्रांनी उचलून धरले. खाजगीकरणाच्या विरोधकांना आयते हत्यार मिळाले. त्यानंतरच्या तपासण्यांत मात्र त्याच ओकवुडमध्ये कैद्यांनी कैद्यांसाठी चालवलेले उपक्रम, जबाबदारीची कामे आणि कर्मचाऱ्यांशी असलेले मोकळे नाते यांची निरीक्षणालयाने उघड प्रशंसा केली आणि इतरांनी तिथे जाऊन पाहावे अशा सुरात लिहिले. आणि याच कंपनीकडे असलेल्या बर्मिंगहॅम तुरुंगाची २०१८ मध्ये इतकी दुर्दशा आढळली की सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला. सरकारी की खाजगी, हा वाद ज्यांना एका वाक्यात संपवायचा आहे त्यांना हे अहवाल उपयोगी नाहीत. तुरुंगाचा प्रमुख कोण, तो किती वर्षे टिकला आणि तो दिवसातून किती वेळ विभागांमधून फिरतो, या गोष्टींकडे ते वाचकाला पुनःपुन्हा खेचून नेतात.

बर्मिंगहॅमच्या त्या तपासणीचा तपशील तर कादंबरीत घातला असता तर अतिरंजित वाटला असता. तपासणी चालू असतानाच कर्मचाऱ्यांच्या कुंपणबंद गाडीतळात गाड्या पेटवल्या गेल्या. विभागांमध्ये अमली पदार्थांचा धूर इतका दाटलेला होता की तत्कालीन मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांना स्वतःला त्रास होऊ लागल्याने तेथून बाहेर पडावे लागले.

२०२४-२५ चा वार्षिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. मुख्य निरीक्षक चार्ली टेलर हे पूर्वी शिक्षक आणि मुख्याध्यापक होते, आणि हे त्यांच्या लेखनात जाणवते. कैदी दिवसभर काय करतो, काय शिकतो, या प्रश्नाचा ते पिच्छा सोडत नाहीत. वर्षाच्या मध्यात इंग्लंड-वेल्समधील कैद्यांची संख्या ८८ हजारांच्या वर गेली होती, जागा संपत आल्या होत्या आणि सप्टेंबर २०२४ पासून ठरावीक प्रकारच्या शिक्षांमध्ये निम्म्याऐवजी ४० टक्के मुदत भोगल्यावर कैद्यांना सोडण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला होता. या पार्श्वभूमीवरचा हा अहवाल आहे. त्यातले सर्वांत ठसठशीत चित्र ड्रोनचे आहे. मँचेस्टर आणि लाँग लार्टिन या, अत्यंत धोकादायक कैदी ठेवल्या जाणाऱ्या दोन तुरुंगांत ड्रोनने खिडक्यांपर्यंत अमली पदार्थ, फोन आणि शस्त्रे पोचवली जात होती. मँचेस्टरमध्ये तर कैदी चहाच्या किटलीतल्या तापणाऱ्या तारेने खिडकीच्या प्लॅस्टिकच्या काचेला भोके पाडून माल आत घेत होते. जाळ्या आणि कॅमेरे यांची मात्र वेळच्या वेळी दुरुस्ती झाली नव्हती. पोलिसांनी आणि तुरुंग खात्याने या दोन तुरुंगांवरचे आकाश जणू गुन्हेगारी टोळ्यांना सोडून दिले आहे, अशा आशयाचा इशारा टेलर यांनी दिला आणि हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असल्याचे म्हटले. तुरुंग तपासनीसाच्या तोंडी ही भाषा असावी का, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु साध्या सुरात तीच गोष्ट आधीच्या अहवालांतूनही येत होती आणि तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

ड्रोनपेक्षा कंटाळवाणी, आणि माझ्या मते अधिक गंभीर, बाब म्हणजे रिकामा दिवस. चारपैकी तिसरी कसोटी, म्हणजे वेळेचा सदुपयोग, ही वर्षानुवर्षे सर्वांत कमी गुणांची राहिली आहे आणि या वर्षीही पुरुषांच्या बहुतेक तुरुंगांत ती ढासळलेलीच आढळली. कोठडीबाहेर दिवसाचे दहा तास हे निरीक्षणालयाचे जुने माप आहे. प्रत्यक्षात अनेकांना दोन तासही मिळत नाहीत. करोनाच्या काळात कैद्यांना दिवसाचे साडेबावीस तास कोंडून ठेवले जात होते. त्या काळात या संस्थेने नेहमीच्या तपासण्या मार्च २०२० मध्ये थांबवल्या, पण एप्रिलपासूनच छोट्या पाहणीभेटी सुरू केल्या आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्या कोंडीचे मनावर काय परिणाम झाले यावर स्वतंत्र अहवाल दिला. संसर्ग ओसरला, पण अनेक तुरुंगांत कोंडीचे वेळापत्रक काही पूर्णपणे ओसरले नाही. कमी कर्मचाऱ्यांत भागवण्याची ती सोयीची रीत होऊन बसली.

इथेच अधिकाराचा प्रश्न येतो. या संस्थेला दंड करता येत नाही, तुरुंग बंद करता येत नाही, प्रमुखाची बदली करता येत नाही. तिच्या हातात फक्त लिहिणे आहे. एके काळी अहवालांच्या शेवटी शिफारशींची लांबलचक यादी असे. २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात मागे वळून पाहिले तेव्हा पूर्ण अमलात आलेल्या शिफारशींपेक्षा अजिबात अमलात न आलेल्या शिफारशींची संख्या जास्त भरली. त्याच अहवालात, मुलांना ठेवलेल्या ज्या संस्था आम्ही तपासल्या त्यांपैकी एकही मुलांसाठी सुरक्षित नाही, असेही नमूद होते. यानंतर दोन गोष्टी बदलल्या. नोव्हेंबर २०१७ पासून ‘तातडीची सूचना’ ही पद्धत आली : परिस्थिती हाताबाहेर गेलेली दिसली की मुख्य निरीक्षक थेट न्यायमंत्र्यांना जाहीर पत्र लिहितात आणि मंत्र्यांना २८ दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. एप्रिल २०१९ पासून चिंताजनक तुरुंगांची काही महिन्यांनी प्रगती-तपासणीही होऊ लागली. लांबलचक शिफारशींच्या जागी आता मोजक्या, प्राधान्यक्रम लावलेल्या ‘चिंता’ लिहिल्या जातात. हा बदल चांगला आहे. दीडशे सूचनांच्या यादीत कोणताही प्रमुख त्यातल्या सोप्या साठ पूर्ण करून मोकळा होऊ शकतो.

तातडीच्या सूचनेने काय साधले? पहिली सूचना जानेवारी २०१८ मध्ये नॉटिंगहॅमला गेली. त्याच वर्षी एक्सेटर, बर्मिंगहॅम आणि बेडफर्ड यांना गेली. त्यांपैकी एक्सेटरला २०२२ मध्ये आणि बेडफर्डला २०२३ मध्ये पुन्हा तीच सूचना द्यावी लागली. गजर एकाच घरात दोनदा वाजतो, याचा अर्थ पहिल्या वेळी तो फक्त बंद केला गेला. उलट बाजूला लिव्हरपूल आहे. २०१७ च्या सप्टेंबरात तिथे उंदीर, झुरळे, फुटक्या खिडक्या, तुंबलेली शौचकूपे आणि साफ करायलाही धोकादायक झालेले कचऱ्याचे ढीग आढळले. संसदेच्या न्यायविषयक समितीने त्या एका तुरुंगाच्या अहवालावर खास सुनावणी घेतली. अशी सुनावणी त्याआधी कधी झाली नव्हती. कैद्यांची संख्या मोठ्या प्रमाणात कमी केली गेली, खिडक्या बदलल्या, आणि दोन वर्षांनी तपासनीस परत गेले तेव्हा सुधारणा स्पष्ट दिसत होती. म्हणजे लेखणीला धार आहे, पण ती चालण्यासाठी मागे कोणी तरी जोर लावावा लागतो. संसदेची समिती, पैसा आणि कैदी कमी करण्याचा निर्णय या तीन गोष्टी जिथे जुळल्या तिथे फरक पडला. जिथे मंत्र्यांच्या उत्तरात केवळ कृती-आराखडा होता तिथे तो आराखडाच पुढच्या तपासणीत पुरावा म्हणून सापडला.

पैशाचा मुद्दा सरळ नाही, हेही या अहवालांनीच दाखवले आहे. कुकम वुड या केंटमधील किशोरांच्या तुरुंगात एप्रिल २०२३ मध्ये ७७ मुले होती आणि त्यांच्यासाठी शेकडो कर्मचारी. तरीही त्यातली एक चतुर्थांश मुले एकांतात ठेवलेली होती, मुलांनी घरगुती हत्यारे बनवून ठेवली होती आणि शिक्षण जवळपास ठप्प होते. इतकी साधनसंपत्ती असून ही अवस्था असेल तर बरीचशी साधनसंपत्ती वाया जात आहे, असे मुख्य निरीक्षकांनी स्पष्ट लिहिले. पुढच्याच वर्षी ती जागा मुलांसाठी बंद करण्याचा निर्णय झाला. निधीअभावी काही होत नाही, हे उत्तर सरकारी कचेरीत इतके तोंडपाठ असते की कोणी तरी आत जाऊन माणसे आणि मुले मोजून दाखवल्याखेरीज ते खोडता येत नाही.

संस्थेच्या स्वातंत्र्याबाबत मात्र मी पूर्ण गुण देणार नाही. ज्या न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत तुरुंग आहेत तेच मंत्रालय तिला निधी देते आणि मुख्य निरीक्षकाची नेमणूकही न्यायमंत्रीच करतात. संसदेची समिती उमेदवाराची मुलाखत घेते, एवढेच काय ते संरक्षण. तेव्हाचे मुख्य निरीक्षक निक हार्डविक यांना २०१४ मध्ये मुदतवाढीऐवजी आपल्याच पदासाठी पुन्हा अर्ज करायला सांगितले गेले, तेव्हा ज्याच्याकडे नोकरी मागायची त्याच्यापासून स्वतंत्र कसे राहायचे, अशी भूमिका घेऊन त्यांनी अर्ज केला नाही. पथकातले काही तपासनीस तुरुंग खात्यातूनच उसनवारीवर येतात. त्याचा फायदा असा की आतली पळवाट त्यांना माहीत असते. तोटा सांगायला नको. असे असूनही ही संस्था बोथट झालेली नाही, याचे श्रेय रचनेपेक्षा त्या खुर्चीवर बसलेल्या माणसांना अधिक जाते. निवृत्त सेनाधिकारी डेव्हिड रॅम्सबॉथम हे १९९५ च्या डिसेंबरात नुकतेच पदावर आले होते. हॉलोवे या स्त्रियांच्या तुरुंगातली घाण आणि उंदीर पाहून त्यांनी तपासणी अर्धवट सोडली, पथक बाहेर काढले आणि सहा महिन्यांत सुधारा, मग येतो, असे बजावले. असा पायंडा एकदा पडला की पुढच्याला मऊ लिहिणे अवघड जाते.

मराठी वाचकाने हे अहवाल का वाचावेत, याचे उत्तर लंडनच्याच एका न्यायालयात मिळते. विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या खटल्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातली १२ क्रमांकाची बराक राहण्याजोगी आहे का, हा प्रश्न वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयापुढे होता. भारत सरकारने छायाचित्रे दिली, त्यांवर बचाव पक्षाने आक्षेप घेतले, आणि जुलै २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी दिवसाच्या उजेडात खिडक्यांतून किती प्रकाश येतो ते दिसेल अशी चित्रफीत मागवली. चित्रफीत गेली, आश्वासने गेली आणि डिसेंबरात प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल लागला. पुढे नीरव मोदी यांच्या खटल्यातही तीच बराक आणि तशीच आश्वासने होती. नीरव मोदी २०१९ मध्ये अटक झाल्यापासून बराच काळ वॉन्ड्सवर्थमध्येच होते. म्हणजे ज्या तुरुंगात आरोपी होता त्याच्याविषयी कोणीही उघडून वाचावा असा परखड अहवाल उपलब्ध होता, आणि ज्या कारागृहात त्याला पाठवायचे होते त्याच्याविषयी न्यायालयाला यजमानानेच काढलेली चित्रफीत पाहावी लागली. वॉन्ड्सवर्थ वाईट आहे हे जगाला माहीत आहे. आर्थर रोडच्या उरलेल्या बराकींत काय आहे, हे सांगणारा तशा दर्जाचा कागद कोणाकडेच नव्हता.

आपल्याकडे तपासणीची तरतूदच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या काळापासून शासकीय आणि अशासकीय अभ्यागतांची व्यवस्था आहे, जिल्हा न्यायाधीश कारागृहांना भेट देतात, मानवी हक्क आयोग आहेत, न्यायमूर्ती मुल्ला समितीपासून न्यायमूर्ती अमिताव रॉय समितीपर्यंत भक्कम अहवालही झाले आहेत. भेटीचे शेरे मात्र सहसा कारागृहाच्या नोंदवहीतच राहतात, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची दरवर्षीची आकडेवारी कारागृह विभागांनी स्वतः पुरवलेली असते. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे भेटींचे आंतरराष्ट्रीय बंधनही आपल्यावर नाही. अर्थात तिकडची पुस्तिका उचलून इथे लावता येणार नाही. आपल्याकडे बराकी सकाळी उघडतात आणि संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे बावीस तास कोंडून ठेवणे हे आपले मुख्य दुखणे नाही. हजाराहून कमी क्षमता असलेल्या आर्थर रोडमध्ये कित्येक पट न्यायाधीन बंदी दाटीवाटीने झोपतात, हे दुखणे आहे, आणि त्यासाठी वेगळे प्रश्न तयार करावे लागतील : झोपायला किती जागा मिळते, रात्री शौचालयासाठी किती वेळ थांबावे लागते, न्यायालयाच्या तारखेला पोलीस पथक मिळते का.

एकूण, या संस्थेच्याच चार गुणांच्या मापाने पाहणीला ४, लेखनाला ३ आणि स्वातंत्र्याला जेमतेम ३ देईन. परिणामाला २ च्या वर जाता येत नाही, आणि त्याचा दोष तिच्या खात्यावर लिहिणे न्याय्य नाही. सर्व अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ज्यांना आरंभ करायचा असेल त्यांनी वार्षिक अहवालाची प्रस्तावना आणि शेवटी जोडलेला, त्या वर्षी तपासलेल्या तुरुंगांच्या गुणांचा तक्ता आधी वाचावा, मधला मजकूर नंतर चाळला तरी चालेल. त्यानंतर वॉन्ड्सवर्थचा २०२४ चा आणि ईस्टवुड पार्क या स्त्रियांच्या तुरुंगाचा फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेला अहवाल वाचावा. दुसऱ्यात भिंतींवर रक्ताचे डाग आणि ओरखडे असलेल्या कोठड्यांचे वर्णन आहे, तेव्हा तो बेताने वाचावा. शेवटी ओकवुडचे जुने आणि नवे अहवाल समोरासमोर ठेवावेत.